टोपोलॉजिकल इन्सुलेटर: पृष्ठभागावरची वीज आणि तिचे मोजमाप

नांदेड, लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही ठिकाणच्या महाविद्यालयात पदव्युत्तर भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा असेल, तर तिथे जर्मेनियमच्या स्फटिकावरचे दोन प्रयोग बहुधा असतातच. पहिल्यात स्फटिकावर चार टोकदार सुया एका रेषेत टेकवून बाहेरच्या दोन सुयांमधून प्रवाह सोडतात, आतल्या दोन सुयांमधील विभवांतर मोजतात आणि स्फटिक तापवत नेला की त्याचा रोध कसा उतरत जातो हे पाहतात. दुसऱ्यात स्फटिक चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवून प्रवाहाला आडवे निर्माण होणारे हॉल विभवांतर मोजतात; त्यावरून विद्युतभार वाहून नेणारे कण किती आहेत आणि ते ऋणभारित आहेत की धनभारित, हे समजते. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला होता. टोपोलॉजिकल इन्सुलेटर या पदार्थांविषयी गेल्या वीस वर्षांत जे प्रचंड संशोधन झाले, त्यातील विद्युतवहनाचा भाग समजून घेण्यासाठी या दोन प्रयोगांची जाण हीच खरी पूर्वतयारी आहे. मोजमापाची रीत तीच राहते; तापमान, नमुन्याची जाडी आणि चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मात्र फार वेगळी असते.

या पदार्थांचे वर्णन अनेकदा ‘पृष्ठभागावरून विना-रोध वीज वाहून नेणारा पदार्थ’ असे केले जाते, आणि आपले विद्यार्थी तेच वाक्य पाठ करून पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीला जातात. ते वाक्य चुकीचे आहे. विना-रोध वहन हा अतिसंवाहकाचा गुण आहे. टोपोलॉजिकल इन्सुलेटरचा गुण वेगळा आणि अधिक सूक्ष्म आहे: त्याचा पृष्ठभाग वाहक असतो आणि त्याला वाहक ठेवण्याची सक्ती स्फटिकाचा अंतर्भाग करतो. ही सक्ती कुठून येते आणि ती प्रयोगात कशी ओळखायची, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

घन पदार्थातील इलेक्ट्रॉनांना हवी ती ऊर्जा घेता येत नाही. त्यांना मोकळ्या असलेल्या ऊर्जा पट्ट्यांच्या रूपात असतात. इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेला संयुजा पट्टा खाली, रिकामा संवहन पट्टा वर आणि मध्ये कोणतीही अवस्था नसलेले ऊर्जा-अंतर, अशी रचना असेल तर तो पदार्थ विसंवाहक किंवा अर्धवाहक ठरतो. सिलिकॉनमध्ये हे अंतर सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. टोपोलॉजिकल इन्सुलेटरांपैकी सर्वांत अभ्यासलेल्या बिस्मथ सेलेनाइडमध्ये ते सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एवढेच पाहिले तर दोघांत फक्त आकड्याचा फरक आहे असे वाटेल, आणि कित्येक दशके सर्वांना तसेच वाटत होते.

फरक आहे तो पट्ट्यांच्या क्रमात. बिस्मथचा अणुक्रमांक ८३ आहे. एवढ्या जड अणूच्या केंद्राजवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा वेग इतका मोठा असतो की सापेक्षतेचे परिणाम दुर्लक्षिता येत नाहीत. केंद्रकाचे विद्युतक्षेत्र त्या धावत्या इलेक्ट्रॉनाला अंशतः चुंबकीय क्षेत्रासारखे जाणवते आणि ते त्याच्या स्पिनवर, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनात मुळातच असलेल्या आणि लहान चुंबकासारखी दिशा असलेल्या गुणावर, परिणाम करते. याला स्पिन-कक्षा युग्मन म्हणतात. हलक्या मूलद्रव्यांत हा परिणाम किरकोळ असतो. बिस्मथ सेलेनाइडमध्ये मात्र तो इतका प्रबळ आहे की, संवेग शून्य असतो त्या ठिकाणी एरवी वर असायला हवी ती बिस्मथची अवस्था खाली येते आणि सेलेनियमची अवस्था वर जाते. पट्ट्यांची अशी अदलाबदल झाल्यावरही मधले अंतर उघडेच राहते, म्हणून अंतर्भाग विसंवाहकच दिसतो. पण इलेक्ट्रॉन-तरंगांची एकूण जडणघडण मात्र नेहमीच्या विसंवाहकापेक्षा निराळी झालेली असते.

ही निराळी जडणघडण मोजता येते, आणि येथेच टोपोलॉजी या गणितशाखेचा संबंध येतो. औंढा नागनाथाच्या मंदिराला प्रदक्षिणा घालणारा भाविक कितीही वेडीवाकडी वाट धरो, कुठे थांबो, चार पावले मागे येऊन पुन्हा पुढे जावो; निघाल्या जागी परतल्यावर त्याच्या प्रदक्षिणांची संख्या शून्य, एक, दोन अशी पूर्णांकातच येते, पावणेदोन कधी येत नाही. वाट थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवली तरी ती संख्या बदलत नाही. एका प्रदक्षिणेच्या वाटेची शून्य प्रदक्षिणेची वाट करायची असेल, तर ती कुठेतरी मंदिराच्या आरपार ओढून न्यावी लागते; दुसरा उपाय नाही. स्फटिकात संवेगाच्या सर्व शक्य मूल्यांवरून फिरताना इलेक्ट्रॉन-तरंगाचे अंतर्गत रूप असाच वळसा घेते आणि त्या वळशांची संख्याही पूर्णांक असते. ऊर्जा-अंतर शून्य होण्याची स्थिती इथे मंदिराच्या जागी आहे. अंतर उघडे आहे तोवर स्फटिकात थोडी अशुद्धी असो, तो दाबला जावो किंवा ताणला जावो, संख्या बदलत नाही. ती बदलायची तर अंतर कुठेतरी मिटावेच लागते.

आता स्फटिकाच्या कडेचा विचार करावा. बाहेरची हवा किंवा निर्वात पोकळी हाही एक विसंवाहकच आहे, आणि त्याची वळसा-संख्या शून्य आहे. आत विषम संख्या आणि बाहेर शून्य, अशी स्थिती असेल तर त्या दोघांच्या सीमेवर ऊर्जा-अंतर मिटल्यावाचून गत्यंतर नाही. अंतर मिटते तिथे अवस्था निर्माण होतात, आणि त्या अवस्थांतून वीज वाहते. साध्या काचेवर धातूचा मुलामा दिला तर तो खरवडून काढता येतो. टोपोलॉजिकल इन्सुलेटरचा स्फटिक खरवडला किंवा मधोमध तोडला, तर जो नवा पृष्ठभाग उघडा पडतो तोही वाहकच असतो. पृष्ठभागावरच्या अवस्था इतर पदार्थांतही आढळतात, पण तिथे त्या योगायोगाने असतात आणि योग्य प्रक्रिया करून नाहीशा करता येतात. इथे त्या नाहीशा होत नाहीत.

वर ‘विषम’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. चुंबकीय क्षेत्र नसेल तेव्हा भौतिकशास्त्राचे नियम काळ उलटा केला तरी तेच राहतात, आणि अशा स्थितीत इलेक्ट्रॉनाच्या प्रत्येक अवस्थेला तेवढ्याच ऊर्जेची, उलट संवेगाची आणि उलट स्पिनची जोडीदार अवस्था असते. हा क्रॅमर्स यांचा १९३० सालचा सिद्धांत आहे. त्यामुळे चार्ल्स केन आणि युजीन मेले यांनी २००५ मध्ये दाखवले की या पदार्थांत संपूर्ण वळसा-संख्येला अर्थ उरत नाही. ती सम आहे की विषम, एवढेच महत्त्वाचे ठरते. सम असेल तर पृष्ठभागावरच्या अवस्था आपापसांत जुळून नाहीशा होऊ शकतात. विषम असेल तर एक तरी जोडी उरतेच.

केन आणि मेले यांच्या आधीचा इतिहासही इथे सांगितला पाहिजे. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये ग्रनोबल येथे, अतिशय पातळ इलेक्ट्रॉन-थरावर अतितीव्र चुंबकीय क्षेत्रात हॉल प्रयोग करताना, हॉल रोधाच्या सरळ चढत्या रेषेऐवजी पायऱ्या दिसल्या आणि त्या सर्व २५,८१२.८ ओहम या संख्येला पूर्णांकाने भागून मिळणाऱ्या मूल्यांवर होत्या. हा पूर्णांक म्हणजेच वळसा-संख्या आहे, हे डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. डंकन हाल्डेन यांनी १९८८ मध्ये, एकूण चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही असा परिणाम शक्य आहे, हे एका प्रतिकृतीतून मांडले. थाउलेस, हाल्डेन आणि कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते टोपोलॉजीच्या अशा कामासाठी.

प्रत्यक्ष पदार्थ मात्र २००६ नंतर हाती आला. बर्नेविग, ह्यूजेस आणि झांग यांनी सांगितले की कॅडमियम टेल्युराइडच्या दोन थरांमध्ये पारा आणि टेल्युरियमच्या संयुगाचा पातळ थर बसवावा. त्याची जाडी ६.३ नॅनोमीटरपेक्षा कमी असेल तर तो साधा विसंवाहक राहील आणि जास्त असेल तर त्याच्या कडा वाहक होतील. लॉरेन्स मोलेनकॅम्प यांच्या जर्मनीतील व्युर्झबर्ग येथील गटाने २००७ मध्ये ते तपासले. एक मायक्रोमीटर लांबीच्या नमुन्यांत रोध १२.९ किलो-ओहमच्या आसपास स्थिरावला, आणि नमुन्याची रुंदी निम्मी केली तरी तो बदलला नाही. माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत बोलका निष्कर्ष हाच आहे, कारण वीज संपूर्ण थरातून वाहत असती तर रुंदी कमी केल्यावर रोध वाढायलाच हवा होता. तो वाढला नाही, म्हणजे वीज दोन कडांवरून जात होती.

याच निकालात ‘विना-रोध’ या गैरसमजाचे उत्तरही आहे. कडेवरून जाणारा इलेक्ट्रॉन वाटेत कुठेही मागे वळला नाही, तरी एकूण रोध १२.९ किलो-ओहम भरला. हा रोध धातूची जोडणी आणि कड जिथे मिळतात तिथला आहे, आणि उष्णताही तिथेच निर्माण होते. शिवाय नमुना वीस मायक्रोमीटर लांब घेतला तर रोध याहून बराच जास्त येतो, म्हणजे आदर्श वहन फार थोड्या अंतरापुरतेच टिकते.

त्रिमितीय स्फटिकांकडे वळू. बिस्मथ आणि अँटिमनीच्या मिश्रधातूत अशा अवस्था असतील असे लियांग फू आणि केन यांनी सांगितले होते. प्रिन्स्टन येथील झाहिद हसन यांच्या गटाने २००८ मध्ये त्या दाखवल्या आणि २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइडची पाळी आली. पद्धत प्रकाश-विद्युत परिणामाची होती: स्फटिकावर प्रकाश टाकायचा, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा आणि दिशा मोजायची, आणि त्यावरून तो आत असताना त्याची ऊर्जा आणि संवेग किती होता हे काढायचे. यासाठी सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रकाश निर्माण करणाऱ्या यंत्राचा, तेजस्वी किरणझोत फार उपयोगी पडतो; आपल्या भागाला सर्वांत जवळचा सिंक्रोट्रॉन इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. बिस्मथ सेलेनाइडच्या मोजणीत अंतराच्या मधोमध दोन सरळ रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या. ऊर्जा आणि संवेग यांचे असे सरळ प्रमाण वस्तुमान नसलेल्या कणांत असते, आणि पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणाशी नाते असल्यामुळे या आकृतीला डिरॅक शंकू म्हणतात. या इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला सुमारे पाच लाख मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सहाशेव्या भागाइतका आहे.

या शंकूवरच्या इलेक्ट्रॉनांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या स्पिनमध्ये आहे. स्पिनची दिशा गतीच्या दिशेशी काटकोनात बांधलेली असते: पूर्वेकडे जाणाऱ्याचा स्पिन उत्तरेकडे असेल, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याचा दक्षिणेकडेच असतो. वाटेत एखादी अशुद्धी आली आणि इलेक्ट्रॉनाला नेमके मागे फिरायचे असले, तर स्पिनही १८० अंशांतून फिरावा लागतो. तो डावीकडून फिरू शकतो किंवा उजवीकडून. या दोन शक्यतांमध्ये पूर्ण ३६० अंशांचा फरक पडतो, आणि इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत ३६० अंश फिरल्यावर तरंगाचे चिन्ह उलटते. परिणामी दोन्ही तरंग एकमेकांना पूर्णपणे खोडून काढतात आणि नेमके मागे फिरणे अशक्य होते. हे फक्त १८० अंशांपुरते आहे, याकडे लक्ष द्यावे. काटकोनात वळण्याची शक्यता निम्म्यावर येते, शून्यावर नाही, आणि लहान कोनातून वळण्यावर जवळपास बंधनच नाही. म्हणूनच त्रिमितीय पदार्थाच्या पृष्ठभागाला नेहमीसारखा रोध असतो. द्विमितीय थराच्या कडेवर इलेक्ट्रॉनाला पुढे आणि मागे अशा दोनच दिशा असतात, त्यामुळे तिथे हे संरक्षण कितीतरी जास्त परिणामकारक ठरते. अशुद्धी चुंबकीय असेल तर मात्र काळ उलटण्याची सममिती मोडते आणि हा सगळा युक्तिवाद लागू राहत नाही.

इथवरचे सिद्धांत फार सुंदर आहेत. प्रयोगशाळेतील अडचण याच्यापुढे सुरू होते, आणि तिची पुरेशी चर्चा मराठीत होत नाही. बिस्मथ सेलेनाइडचा अंतर्भाग विसंवाहक असायला हवा, पण हाती येणारा स्फटिक बहुधा तसा नसतो. स्फटिक वाढवताना थोडे सेलेनियम उडून जाते आणि त्याच्या प्रत्येक रिकाम्या जागेमुळे दोन जादा इलेक्ट्रॉन संवहन पट्ट्यात जातात. त्यामुळे एका घन सेंटीमीटरमध्ये १०चा १८वा घात किंवा त्याहून अधिक वाहक सहज निर्माण होतात. गणित करून पाहावे: स्फटिक शंभर मायक्रोमीटर जाड असेल, तर पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरखाली अंतर्भागातील १०चा १६वा घात एवढे वाहक असतात, आणि पृष्ठभागावर जेमतेम १०चा १३वा घात एवढे. पृष्ठभागाचा हिस्सा हजारात एक. अशा नमुन्यावर चार सुया टेकवून स्फटिक द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विन तापमानापर्यंत थंड केला, तर रोध साध्या धातूप्रमाणे कमी होत जातो, आणि टोपोलॉजीचा मागमूसही लागत नाही.

बिस्मथ टेल्युराइड हा याच कुळातील दुसरा पदार्थ गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान थंडपेट्यांत वापरला जातो, तो वीज सोडली की एक बाजू थंड होते या १९५०च्या दशकात सापडलेल्या गुणामुळे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात अशी पेटी वापरणाऱ्यांनी हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर नकळत हाताळलेला असतो. पण त्या पेटीचे काम अंतर्भागात मुद्दाम वाढवलेल्या वाहकांवर चालते, पृष्ठभागावरच्या अवस्थांवर नाही. जड अणू आणि लहान ऊर्जा-अंतर या दोन गोष्टी मात्र दोन्ही गुणांच्या मुळाशी आहेत.

अंतर्भागातील हे वाहक आवरण्यासाठी नाना उपाय झाले. थोडे कॅल्शियम मिसळून जादा इलेक्ट्रॉन शोषून घेण्यात आले. बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम आणि सेलेनियम या चारांचे प्रमाण असे साधण्यात आले की एका दोषाने दिलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या दोषाने ओढून घ्यावेत. काही नॅनोमीटर जाडीचे थर अणुअणूने वाढवून वर विभवांतर लावण्याची सोय करण्यात आली. थर फार पातळ करूनही चालत नाही. बिस्मथ सेलेनाइडचा पाच अणुथरांचा एक गठ्ठा सुमारे एक नॅनोमीटर जाड असतो, आणि असे सहापेक्षा कमी गठ्ठे उरले की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांचे तरंग एकमेकांत मिसळून डिरॅक शंकूतच अंतर पडते.

नमुना चांगला असेल तर रोधाचा आलेख बदलतो. थंड करत गेल्यावर रोध आधी अर्धवाहकाप्रमाणे चढतो, आणि मग एका तापमानाखाली चढायचा थांबून सपाट होतो, कारण अंतर्भाग गप्प झाल्यावर पृष्ठभागाची वाट तेवढी उरते. समेरियम हेक्झाबोराइडमध्ये चार-पाच केल्विनखाली असा सपाट भाग अनेक दशकांपासून ठाऊक होता आणि त्याचे कारण कळत नव्हते. टोपोलॉजिकल पृष्ठभाग हे त्याचे आज सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. जाडी बदलून पाहणे ही आणखी एक खात्रीची चाचणी आहे: अंतर्भागाची वाहकता जाडीच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभागाची तेवढीच राहते.

चुंबकीय क्षेत्रातील मोजणीत तीन खुणा शोधतात. क्षेत्र शून्याजवळ असताना रोध टोकदार खड्ड्यासारखा कमी असतो आणि थोडे क्षेत्र लावताच झपाट्याने वाढतो. वळसा घेऊन निघाल्या जागी परतणारा इलेक्ट्रॉन तोच वळसा दोन्ही दिशांनी घेऊ शकतो, आणि वर सांगितलेल्या चिन्हबदलामुळे ते दोन तरंग एकमेकांना खोडतात. म्हणून परत येण्याची शक्यता घटते आणि वहन सुधारते. क्षेत्र लावले की ही जुळवणी बिघडते. हा परिणाम स्पिन-कक्षा युग्मन प्रबळ असलेल्या साध्या धातूंतही दिसतो, म्हणून तेवढ्यावरून टोपोलॉजी सिद्ध झाल्याचा दावा करणारे शोधनिबंध सावधपणे वाचावेत. दुसरी खूण तीव्र क्षेत्रातील रोधाच्या आंदोलनांची आहे: नमुना कलता केल्यावर ही आंदोलने क्षेत्राच्या फक्त लंब घटकावर अवलंबून राहिली, तर वाहक एका प्रतलात फिरत आहेत असे समजते. तिसरी खूण २०१० मध्ये स्टॅनफर्ड येथे बिस्मथ सेलेनाइडच्या अतिसूक्ष्म फितींवर मिळाली. फितीच्या लांबीच्या दिशेने क्षेत्र लावल्यावर रोध ठराविक अंतराने वरखाली झाला, आणि ते अंतर फितीच्या संपूर्ण छेदातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाशी जुळले. इलेक्ट्रॉन फितीच्या बाहेरून फिरत असतील तरच असे घडते.

पृष्ठभागाचे संरक्षण मुद्दाम मोडल्यावर जे मिळते, त्यात मला स्वतःला सर्वांत जास्त रस आहे. या स्फटिकात क्रोमियमसारखे चुंबकीय अणू मिसळले की वरच्या आणि खालच्या दोन्ही डिरॅक शंकूंत अंतर पडते, प्रत्येक पृष्ठभाग हॉल वाहकतेचा अर्धा क्वांटम, म्हणजे तिच्या मूळ एककाचा अर्धा भाग, देतो आणि दोन्ही मिळून एक पूर्ण होतो. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील श्वे चीखुन यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०१३ मध्ये ०.०३ केल्विन तापमानाला, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र शून्य असताना, हॉल रोध २५.८ किलो-ओहमवर स्थिरावलेला दाखवला. पुढे मोजमापशास्त्राच्या प्रयोगशाळांनी हे मूल्य दहा लाखांत एक भाग इतक्या अचूकतेने तपासले. फॉन क्लिट्झिंग यांच्या पायऱ्यांवर जगभरचे रोधाचे प्रमाण आज ठरते, पण त्यासाठी तीव्र क्षेत्राचे अवजड अतिसंवाहक चुंबक लागतात. हा नवा परिणाम त्या चुंबकांवाचून तेच काम करू शकेल, म्हणून मोजमाप संस्थांचे त्याकडे लक्ष आहे. अडचण तापमानाची आहे. बाहेरून मिसळलेले चुंबकीय अणू स्फटिकात असमान पसरतात, कुठे अंतर मोठे पडते आणि कुठे फारच लहान, आणि लहान अंतराच्या जागा थोड्या उष्णतेनेही वीज वाहू लागतात. ज्यात मँगनीजचे अणू मुळातच ठराविक थरांत मांडलेले असतात, त्या मँगनीज-बिस्मथ टेल्युराइडच्या पाच गठ्ठ्यांच्या पापुद्र्यात हा परिणाम २०२० मध्ये १.४ केल्विनला मिळाला. द्रवरूप हेलियम ४.२ केल्विनला उकळते आणि त्यावरचा दाब कमी केला की १.४ केल्विनपर्यंत उतरता येते, म्हणजे त्यापेक्षा खूप खाली नेणारे खर्चिक शीतकयंत्र या मोजणीला लागत नाही.